आमच्या गावाचा झोन कोणता?

माझा पुतण्या अमेरिकेतून परत यायचं म्हणतोय. (मंडळी, ही बातमी मी फोडलेली नाही. वहिनींनी ती आधीच अर्ध्या महाराष्ट्राला सांगून झाली आहे.) परत येऊन गंगापूर तालुक्यातल्या आमच्या जमिनीच्या तुकड्यात फळबाग लावायची असं त्याच्या डोक्यात आहे. मोसंबी लावू, का डाळिंब, का अव्होकाडो, असं सारखं चाललेलं असतं. त्या ओघात त्यानं एक साधा प्रश्न विचारला, "काका, आपलं संभाजीनगर कुठल्या झोनमध्ये येतं?"

आपल्याकडे झोन म्हटलं की महापालिकेचं झोन कार्यालय आठवतं. त्याला म्हणायचं होतं ते वेगळंच. अमेरिकेत रोपवाटिकेत कुठलंही रोप घ्या, कुंडीला एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर आकडा असतो. झोन ५ ते ८, झोन ९ ते ११, असं काहीतरी. आपण राहतो त्या गावाचा आकडा त्यात बसत असेल तर रोप घ्यायचं, नाहीतर पुढच्या कुंडीकडे वळायचं. 'हार्डिनेस झोन' म्हणतात त्याला. मराठीत काटकपणाचे पट्टे म्हणू. मी त्याला उत्तर देऊन टाकलं खरं, पण त्या उत्तरानं माझंच समाधान होईना. म्हणून जरा वाचत गेलो आणि वाचता वाचता बोस्टनहून निघून दौलताबादला पोचलो. तो प्रवास इथे लिहून ठेवतो.

या पट्ट्यांची सुरुवात बोस्टनमधल्या आर्नल्ड आर्बोरेटममध्ये झाली. हे हार्वर्ड विद्यापीठाचं झाडांचं संग्रहालय. तिथे आल्फ्रेड रेडर नावाचा मूळचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होता. जगभरातून आणलेली झाडंझुडपं तिथे लावली जायची आणि त्यातली कुठली हिवाळ्यात मरतात, कुठली टिकतात, हे तो वर्षानुवर्षं पाहत होता. १९२७ साली त्यानं लागवडीतल्या झाडाझुडपांचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यात उत्तर अमेरिकेचा एक नकाशा दिला. नकाशावर ८ पट्टे. प्रत्येक झाडापुढे पट्ट्याचा आकडा. पुढे १९३८ मध्ये त्याच संस्थेतल्या डोनाल्ड वायमननं आपला नकाशा काढला, आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यानं स्वतःचा. गंमत म्हणजे या दोन नकाशांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. त्यामुळे कितीतरी वर्षं एका पुस्तकातला झोन ५ आणि दुसऱ्या पुस्तकातला झोन ५ हे दोन वेगळे प्रदेश होते! शेवटी सरकारी नकाशा टिकला. १९९०, २०१२ आणि २०२३ साली त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.

हा नकाशा मोजतो काय? फक्त एक गोष्ट. वर्षातली सगळ्यात थंड रात्र किती थंड होती. असे ३० वर्षांचे आकडे घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. २०२३ च्या नकाशासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरलाय. एकूण १३ झोन, प्रत्येक १० फॅरनहाइटचा, आणि प्रत्येकाचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग. झोन ५ म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र उणे २३ ते उणे २९ सेल्सिअसच्या दरम्यान. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला झाड विकत घेताना हा एकच प्रश्न विचारणं पुरेसं वाटलं तर नवल नाही. तिथे झाडाला मारणारा शत्रू एकच आणि तो जानेवारीत येतो.

आता आपलं गाव. आपलं शहर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरच्या वर, दख्खनच्या पठारावर. डिसेंबर-जानेवारीत एखादी रात्र ५-६ अंशांपर्यंत उतरते, पुष्कळ वर्षी ८-९ च्या आसपासच थांबते. म्हणजे त्या हिशेबानं झोन ११. तेवढंच मी पुतण्याला सांगितलं होतं. आता याच आकड्याच्या आसपास अमेरिकेतलं कुठलं शहर येतं ते बघा. मायामी! समुद्रकाठचं, वर्षाला १५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं, नारळाच्या झाडांचं मायामी. आणि इकडे ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, त्यातही दोन-तीन मोठ्या पावसांत उरकून टाकणारा. उरलेले आठ महिने आभाळ कोरडं. झोन ११ च्या चिठ्ठीचं रोप आणून इथे लावलं तर ते थंडीनं मरणार नाही याची हमी आहे. मे महिन्याची हमी ती चिठ्ठी देत नाही.

हे त्या लोकांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १९९७ मध्ये अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीनं मार्क कॅथी यांच्या पुढाकारानं उष्णतेचाही नकाशा काढला. वर्षातले किती दिवस पारा ३० सेल्सिअसच्या वर जातो ते मोजायचं आणि त्यावरून १२ पट्टे करायचे. २१० पेक्षा जास्त दिवस असतील तर शेवटचा, बारावा. आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत रोजच, मग ऑक्टोबरभर, मधेमधे सप्टेंबर-नोव्हेंबरातही... मोजून बघा, आपण बाराव्याच्या उंबरठ्यावर नक्की आहोत. पण हा नकाशा थंडीच्या नकाशाइतका रुळला नाही. आणि त्यातही पाणी नाहीच.

असो. आता दौलताबाद.

१३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचं दौलताबाद केलं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. त्याच्या वेडेपणाच्या गोष्टींत एक गोष्ट मागे पडते. त्या माणसांबरोबर झाडंही आली. आपल्याकडच्या द्राक्षशेतीचा इतिहास सांगणारे लोक दक्षिणेतल्या द्राक्षाची सुरुवात इथूनच धरतात. इराण-अफगाणिस्तानातून दिल्लीकडे आलेली वेल तुघलकाच्या लवाजम्याबरोबर दौलताबादेला उतरली, असं. १३४२ च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीहून चीनकडे सुलतानाचा वकील म्हणून निघाला तेव्हा दौलताबादवरून गेला. इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा होतात, अशी नोंद त्यानं केली आहे. (काही लेखांत तो १४३० साली आला असं छापलेलं सापडतं आणि एकाचं बघून दुसरा तेच छापतो. बिचारा १३६९ च्या सुमारासच वारला होता.)

वर्षातून दोनदा! मी या दोन शब्दांपाशी बराच वेळ थांबलो. द्राक्षाची वेल ज्या देशांतून आली तिथे ती हिवाळ्यात पानं टाकते, झोपी जाते आणि वसंतात जागी होते. वर्षाला एक झोप, एक पीक. इथे तिला झोपवणारी थंडीच नाही. मग ती वाढतच राहते. इथल्या बागाइतदारानं तिला कात्रीनं शिस्त लावली. आजही आपल्याकडे द्राक्षाची छाटणी दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे वेल मागे खुडून नव्या काड्या तयार करायच्या. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्या काड्यांवर फळ धरायचं. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो. एप्रिलच्या छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यांत घड तयार होतो, दिसत नसला तरी. ऑक्टोबर छाटणीनंतर सगळे डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन थंडीचंच काम करतं. वेलीला वाटतं हिवाळा होऊन गेला. फसवणूकच म्हणायची, पण सगळी द्राक्षशेती त्यावर उभी आहे.

डाळिंब, अंजीर यांचंही तेच. ही सगळी इराण-तुर्कस्तानाकडची कोरड्या मुलखातली फळं, जिथे उन्हाळा तापतो आणि हिवाळ्यात थंडी पडते. दौलताबादची अंजिरं कधीकाळी नावाजलेली होती. पुढे मराठवाडा कृषी विद्यापीठानं त्या दौलताबादी अंजिरातूनच 'दिनकर' नावाची सुधारित जात निवडली. या झाडांना थंडी हवी असते असं आपण समजतो. मला वाचता वाचता वाटायला लागलं की त्यांना थंडी नको असते, विश्रांती हवी असते. त्यांच्या मुलखात ती थंडी देते. इथे ती कोणी द्यायची?

तहानेनं द्यायची. आपल्या मोसंबी-डाळिंबवाल्यांना यात नवीन काही नाही, तरी शहरातल्या नातेवाइकांसाठी सांगतो. फळबागेचं पाणी ठरवून तोडतात. याला 'ताण देणे' म्हणतात. हलक्या, मुरमाड जमिनीत कमी दिवस, काळ्या भारी जमिनीत जास्त दिवस, कारण काळी जमीन ओल सोडत नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाड वाढ थांबवतं आणि काड्यांमध्ये अन्न साठवतं. मग आळं खणून खत देऊन पाणी सोडायचं. झाड एकदम फुलावर येतं. हे कधी करायचं त्यावरून बहाराचं नाव. जानेवारी-फेब्रुवारीत आंबा मोहरतो तेव्हा धरला तर आंबे बहार. जूनमध्ये मृग नक्षत्राच्या पावसावर धरला तर मृग बहार. सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्ताच्या पावसाच्या आसपास धरला तर हस्त बहार.

बघा, रेडरनं पट्टे जमिनीवर आखले. आपल्या लोकांनी ते वर्षावर आखले. नक्षत्रांची नावं देऊन. आणि प्रत्येक पट्ट्यामागचा प्रश्न एकच आहे. तुझ्याकडे पाणी कधी आहे? आंबे बहार घेतला तर कोवळी फळं झाडावर असताना एप्रिल-मे येतो आणि तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. मृग बहाराला ताण फुकट मिळतो, कारण मे महिना तो देतोच, आणि पुढचं पाणी पाऊस देतो. मग फळ हिवाळा संपता संपता तयार होतं आणि त्या वेळी बाजारात मोसंबी कमी असल्यानं भावही बरा मिळतो. पण मृगाचा पाऊस वेळेवर आला पाहिजे. नाही आला तर फूल येत नाही, आलेलं गळतं. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी तो आंबे बहार धरतो, नसेल तो मृगाची वाट बघतो. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन झोन असू शकतात!

मध्ये एक फाटा. हल्ली सफरचंद लावायची टूम आहे. हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी 'एचआरएमएन-९९' ही जात शोधली आणि ती महाराष्ट्रातही लोकांनी लावून पाहिली. सफरचंदाचा प्रश्न आपल्या अगदी उलटा आहे. त्याला थंडी सोसवत नाही असं नाही, त्याला थंडीची उणीव सोसवत नाही. ७ अंशांच्या खाली ठरावीक तास गेले नाहीत तर जुन्या जाती फुलतच नाहीत, आणि काश्मीर-हिमाचलच्या जातींना असे हजाराच्या वर तास लागतात. आपल्याकडे एका हिवाळ्यात किती तास पारा ७ च्या खाली जातो? काही वर्षी एकही नाही. कुंडीवरची झोनची चिठ्ठी हेही सांगत नाही. ती फक्त झाड गारठून मरेल का ते सांगते. झाड जगेल पण आयुष्यभर उपाशी राहील, हे तिच्या शब्दकोशात नाही.

परत इतिहासाकडे. १६१० मध्ये मलिक अंबरनं निजामशाहीची राजधानी खडकीला वसवली. नावच खडकी. जमीन कशी असेल ते वेगळं सांगायला नको. शहर वसवायचं तर पाणी हवं, म्हणून त्यानं १६१८ च्या सुमारास उत्तरेच्या डोंगरांतून भूमिगत कालवा आणला. तीच नहर-ए-अंबरी. जमिनीखालच्या झऱ्याचं पाणी उतारानं, मोटेशिवाय, शहरात. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची मातीच्या नळांची नहर, बेगमपुऱ्यातली थत्ते नहर. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि खडकीचं औरंगाबाद झालं, त्या आधी मलिक अंबरच्या मुलानं फतेहनगर करून पाहिलं होतं. (आता २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. नावांच्या बाबतीत हे शहर वर्षातून दोनदा नाही तरी शतकातून एकदा बहार धरतं.)

मुघलांनी इथे बागा लावल्या त्या या नहरींच्या भरवशावर. हिमायत बाग त्यातलीच. जवळपास ३०० एकरांचा तो परिसर. आज तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. तिथून चिंचेची 'प्रतिष्ठान' ही जात आली. मला हे फार आवडतं. बादशाही बाग, काबूल-इराणची स्वप्नं, आणि तिच्यातून अखेर निघालं काय तर चिंच! जी खडकाळ जमिनीत, कुणाच्या नहरीविना, रस्त्याच्या कडेला शंभर वर्षं उभी राहते.

म्हणजे इथे बागेचे दोन प्रकार होते. एक, जी फळं पाणी आणून जगवली. दुसरी, जी पाण्याविना जगली. फरक तेव्हा स्पष्ट होता, कारण पाणी आणायला मलिक अंबर लागायचा. विहिरीवर विजेचा पंप बसला, पुढे बोअर आले, आणि हा फरक पुसला गेल्यासारखा झाला. जो तो आपल्यापुरता मलिक अंबर झाला.

१९९० मध्ये राज्य सरकारनं रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली. खड्डे, रोपं, मजुरी यांसाठी अनुदान. ही योजना चांगलीच होती, आजही माझं तेच मत आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पहिल्यांदा दरवर्षी नांगरावं लागत नाही असं काहीतरी आलं. जालना आणि आपल्या जिल्ह्यात मोसंबी पसरली. हवामान तिला मानवणारं, कोरडी हवा, दिवस-रात्रीच्या तापमानात फरक, काळी मध्यम जमीन. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तापमानाच्या दृष्टीनं निवड शंभर टक्के बरोबर.

आता आपला सरकारी नकाशा बघू. १९७९ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प सुरू केला आणि त्यात देशाचे शंभराच्या वर कृषी-हवामान विभाग पाडले. महाराष्ट्राच्या वाट्याला ९ आले. दक्षिण कोकणाचा जांभ्या जमिनीचा अतिपावसाचा विभाग, उत्तर कोकणाचा, घाटमाथ्याचा, दोन संक्रमण विभाग, अवर्षणप्रवण विभाग, निश्चित पर्जन्याचा विभाग, आणि विदर्भाचे मध्यम व जास्त पर्जन्याचे दोन. नऊच्या नऊ नावं वाचा. एकातही थंडी नाही, सगळा पाऊस आणि जमीन. म्हणजे प्रश्न बरोबर विचारलाय. आपल्या जिल्ह्याचा पश्चिमेकडचा काही भाग अवर्षणप्रवण विभागात जातो आणि उरलेला, जालना-परभणीसकट, 'निश्चित पर्जन्य' विभागात. वर्षाला ७०० ते ९०० मिलिमीटर, निश्चित.

'निश्चित' हा शब्द २०१२ साली जालन्यात उच्चारायची सोय नव्हती. आदल्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी आणखी कमी. उन्हाळ्यात पैठणचं जायकवाडी मृतसाठ्यावर आलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं आणि १९७६ मध्ये पुरं झालेलं ते धरण, ज्याच्या भरवशावर आपलं अख्खं शहर पाणी पितं. विहिरी आटल्या, बोअर ५०० फुटांच्या खाली जाऊनही कोरडे निघाले. माणसांना टँकर, जनावरांना छावण्या. मोसंबीला काय? लोकांनी टँकर विकत घेऊन झाडांना पाणी घातलं. झाडाच्या बुंध्याशी सलाइनच्या बाटल्या टांगून थेंब थेंब पाणी दिलं. आळ्यात पाचट पसरलं, फळं तोडून टाकली, फांद्या छाटल्या की निदान खोड तरी वाचावं. नाही वाचली. पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षांच्या बागा २०१३ च्या उन्हाळ्यात वाळून सरपण झाल्या.

आमच्या थोरल्या काकांची बागही त्यात गेली. ट्रॅक्टरला साखळी बांधून झाडं उपटली तेव्हा मी तिथे होतो. काका बांधावर बसून मोजत होते. ३४०. ज्वारी बुडाली तर एक वर्ष बुडतं. झाड मेलं तर ते लावलं त्या दिवसापासूनची सगळी वर्षं बुडतात, आणि पुन्हा लावलं तर फळ यायला चार-पाच वर्षं. थंड देशातला माणूस झोनचा नकाशा एवढा जपून का बघतो ते मला त्या ३४० झाडांवरून कळतं. त्याचा नकाशा आपल्या कामाचा नाही, पण त्याची भीती आपलीच आहे.

आणि सरासरी! तिचा भरवसा किती धरायचा? थंडीची सरासरी ३० वर्षांत हळूहळू सरकते. २०२३ च्या नकाशात अमेरिकेचा साधारण निम्मा भाग अर्ध्या झोननं उबदार झाला, त्याचीही तिकडे केवढी चर्चा झाली. आपला पाऊस एका वर्षी ९०० आणि दुसऱ्या वर्षी ४०० पडतो, आणि झाड सरासरीवर जगत नाही. त्याच्या आयुष्यात येणाऱ्या सगळ्यात वाईट मे महिन्यावर जगतं. म्हणून माझ्या मते इथल्या माणसानं विचारायचा आकडा वेगळा आहे. गेल्या २०-२५ वर्षांतल्या सगळ्यात वाईट उन्हाळ्यात, या विहिरीत, १५ मे रोजी किती पाणी होतं? हा आकडा कुठल्याही संकेतस्थळावर नाही. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावा लागतो. १९७२ च्या दुष्काळाचा आकडाही त्यांच्याकडेच आहे.

त्याच २०१२ मध्ये जालन्याजवळच्या कडवंचीत द्राक्षबागा हिरव्या होत्या. कडवंचीत काही वेगळा पाऊस पडला नव्हता. १९९६ पासून तिथे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारानं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं झाली. बांध घातले, नाले अडवले, मग शेतकऱ्यांनी शेततळी खोदली. पाणी आधी साठवलं आणि मग किती द्राक्ष लावायचं ते त्या साठ्यावर ठरवलं. तुघलकाबरोबर आलेली वेल तिथे टिकली. शेततळ्यांवरही प्रश्न आहेत, ते नाकारत नाही. विहिरीचं आणि बोअरचं पाणी उपसून शेततळं भरलं तर ते साठवणं नव्हे, एकट्यानं उचलून घेणं झालं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

निवडीला वाव अजूनही पुष्कळ आहे आणि तो जमिनीखालीही आहे. मोसंबीचं कलम कुठल्या खुंटावर बांधलंय यावर अर्धा काटकपणा ठरतो. रंगपूर लिंबाचा खुंट जंबेरीपेक्षा पाण्याचा ताण आणि जमिनीतला चुना जास्त सोसतो. रोप घेताना मोसंबीची जात सगळे विचारतात, खुंट फार थोडे.

आंब्याचंही सांगतो, कारण कोकणातल्या पाहुण्यांचा दरवर्षी आग्रह असतो, हापूसची कलमं घेऊन जा म्हणून. हापूस घाटावर येतच नाही असं नाही. येतो, वाढतो, पण फळ एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो. आणि साका तर त्याच्या पाचवीलाच पुजलेला. थंडीच्या नकाशानं बघितलं तर इथे हापूसला काहीच अडचण नाही. मराठवाड्यानं मात्र गुजरातच्या गिरनारचा केशर धरला, ज्याला १९३४ मध्ये जुनागढच्या नवाबानं ते नाव दिलं. तो कोरड्या मुलखातून कोरड्या मुलखात आला. हिवाळ्यात त्याचं पाणी तोडलं की मोहर धरतो आणि एकदा मुळं खोल गेली की वाईट उन्हाळाही काढतो. २०१६ मध्ये मराठवाड्याच्या केशरलाही मानांकन मिळालं. एवढं असून पाहुण्यांची कलमं येतातच. आम्ही ती लावतोही, पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून. :-)

आणि दौलताबादच्या किल्ल्याच्या आजूबाजूला डोंगरउतारांवर सीताफळ आहे. नाव सीतेचं, पण ते मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांमार्फत आलेलं. इब्न बतूतानं ते बघितलं असणं शक्यच नाही. पण आज बघणाऱ्याला वाटेल की ते यादवांच्याही आधीपासून तिथे आहे. मार्च-एप्रिलमध्ये ते सगळी पानं टाकून देतं. थंडीत नाही, उन्हाळ्यात. मे महिन्यात त्या उतारावर नुसत्या काटक्या उभ्या दिसतात. शेळ्या पाल्याला तोंड लावत नाहीत, माणूस पाणी घालत नाही. पावसाच्या तोंडावर त्याला नवी पालवी आणि फुलं येतात, आणि ऑक्टोबरात पायथ्याच्या गावांतल्या बायका टोपल्या घेऊन किल्ल्याच्या रस्त्याला बसतात. डोळे उघडलेलं फळ घ्यावं, दोन दिवसांत पिकतं.